दुसऱ्या सेलची थोरवी

एक लाख लिटरच्या जलतरण तलावाला एक सॉल्ट क्लोरिनेटर पुरतो. ही गोष्ट इतकी उघड आहे, की तिच्यावर विसंबून राहणे शहाण्या माणसाला शोभत नाही. हिशेब शाळकरी आहे. एक लाख लिटर पाण्यात क्लोरीनचे प्रमाण दशलक्षात एका भागाने वाढवायचे तर १०० ग्रॅम क्लोरीन लागतो. क्लोरिनेटरचा बाजारातला बऱ्यापैकी ताकदीचा सेल चोवीस तासांत ६०० ग्रॅमच्या आसपास क्लोरीन तयार करतो. पोहण्याच्या पाण्यात तो असावा एक ते तीन भाग, आणि मराठवाड्याच्या उन्हाने रोज तीन भाग खाल्ले असे धरले तरी ३०० ग्रॅमांत भागते. म्हणजे एकटा सेल अर्धा दिवस चालतो आणि अर्धा दिवस मोकळा बसतो. वाळूजच्या कारखानदाराला यंत्र अर्धा दिवस मोकळे बसलेले पाहवत नाही. म्हणून तो दुसरा सेल आणतो. आता दोन्ही यंत्रे पाऊण दिवस मोकळी बसतात.

इथून पुढे मी या दुसऱ्या सेलची स्तुती करणार आहे. ती कमीच पडेल.

आपल्या नायकाला नाव नाही, कारण तो एकटा नाही. १९८५ साली बजाजचा कारखाना वाळूजला सुरू झाला आणि त्याच्या मागोमाग सुटे भाग करणाऱ्यांची जी रांग लागली, त्या रांगेत कुठेतरी त्याचे शेड आहे असे समजा. त्याने बुशिंगमधून पैसा केला, पैशातून गंगापूर रस्त्याला पाच एकर घेतले, पाच एकरांत मोसंबी लावली आणि मोसंबीच्या मधोमध निळ्या टाइल्सचा तलाव बांधला. साडेबारा मीटर लांब, पाच मीटर रुंद, सरासरी एक मीटर साठ सेंटिमीटर खोल. बरोबर एक लाख लिटर. घरात पोहता कोणालाच येत नाही. हे मी टीका म्हणून सांगत नाही. पाणी स्वच्छ राहण्याचे ते सर्वांत भरवशाचे कारण आहे.

तलावासाठी प्रदेशही नेमका निवडला आहे. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. त्याच महिन्यात औरंगाबाद खंडपीठाने मद्य कारखान्यांचे पाणी टप्प्याटप्प्याने साठ टक्क्यांपर्यंत कापायला सांगितले, आणि वाळूजमध्ये असे कारखाने आहेत. पन्नासेक किलोमीटरवर पैठणला नाथसागर आहे. त्याचे भूमिपूजन १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाले, लोकार्पण १९७६ मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते. साठवण शंभर टीएमसीच्या वर. तरी संभाजीनगरच्या नळाला रोज पाणी येण्याची वाईट सवय लागलेली नाही. शहराने जायकवाडीहून आधी ७०० मिलिमीटरची जलवाहिनी आणली, मग १४०० मिलिमीटरची. त्या जुन्या होऊन फुटू लागल्या तेव्हा २५०० मिलिमीटरची योजना ठरली, १६८० कोटींची, आणि डिसेंबर २०२० मध्ये तिचे भूमिपूजन झाले. ती होईपर्यंत दम निघेना म्हणून मध्येच ९०० मिलिमीटरची टाकली. मोठ्या योजनेचा खर्च तोवर २७४० कोटींवर गेला. पहिल्याने भागत नसेल तर त्याच्या शेजारी दुसरा टाकावा, ही रीत आपल्या नायकाने कुठल्या पुस्तकात वाचलेली नाही. तो तिच्यातच लहानाचा मोठा झाला.

त्यामुळे तलाव भरला तो टँकरने. दहा हजार लिटरचे दहा टँकर. पाणी एक सेंटिमीटर उडाले की सहाशे लिटर गेले, मग अकरावा. टँकरचे पाणी कुठले, हे टँकरवाल्याला विचारायचे नसते. नाथसागर ज्यांच्या नावाचा, त्या एकनाथांनी काशीहून रामेश्वराला निघालेली गंगेची कावड वाटेत तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडी ओतली, असे सांगतात. ना मीटर, ना नोंद, ना क्लोरीन किती होता याची चौकशी. आपण त्या अव्यवस्थेतून बरेच पुढे आलो आहोत.

आता यंत्राविषयी. सॉल्ट क्लोरिनेटर हे नाव ऐकून पाहुण्यांना वाटते, की हा क्लोरीन नसलेला, नुसत्या मिठाचा, आयुर्वेदिक धाटणीचा तलाव आहे. यजमान त्यांचा गैरसमज दूर करत नाही. खरे असे, की पाण्यात लिटरमागे तीन ते साडेतीन ग्रॅम मीठ विरघळवायचे, म्हणजे समुद्राच्या सुमारे दहावा हिस्सा. एक लाख लिटरला पन्नास किलोची सहा-सात पोती. ते पाणी सेलमधून जाते. सेलमध्ये टायटॅनियमच्या पट्ट्या असतात, त्यांच्यावर रुथेनियम किंवा इरिडियमच्या ऑक्साइडचा थर असतो. त्यांच्यातून वीज गेली की मिठातला क्लोरीन मोकळा होतो, पाण्यात विरघळतो, जंतू मारतो आणि काम झाले की पुन्हा मीठ होतो. मीठ संपत नाही. बाहेर उडालेल्या आणि फिल्टरच्या बॅकवॉशने गेलेल्या पाण्याबरोबर जाईल तेवढेच. हे फार सुंदर रसायन आहे आणि त्याला एकच सेल लागतो.

बॅकवॉशचे खारे पाणी मोसंबीत सोडतात. मोसंबीला मीठ अजिबात मानवत नाही. पण पाणी वाया घालवू नये, असे आपल्या नायकाचे मत आहे.

हेच काम गावाच्या टाकीवर ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक टीसीएल पावडरने करतो. ताज्या पावडरीत साधारण तेहेतीस टक्के क्लोरीन असतो, म्हणजे आपल्या तलावाला दिवसाकाठी किलोभर पुरे. तो पावडर बादलीत कालवतो, निवळ टाकीत ओततो, मग नळाखाली नळी धरून ओटी टेस्टचे थेंब टाकतो. पाणी पिवळे झाले की क्लोरीन आहे. रजिस्टरमध्ये सही. पुढे आरोग्य खाते गावाला हिरवे, पिवळे किंवा लाल कार्ड देते. या पद्धतीत दोष एवढाच, की पहाटे तीन वाजता फोनवर काहीच वाजत नाही. पाणी ठीक आहे हे ज्याला रात्री तीनला कळत नाही, त्याला ते कळले असे कसे म्हणावे? आपल्या नायकाला कळते. आता दुसरा सेल आल्यावर दोनदा कळणार आहे.

दुसरा सेल का, असे कोणी विचारलेच तर त्याच्याकडे उत्तरे तयार आहेत. पहिले उत्तर बॅकअपचे. एक बंद पडला तर दुसरा आहे. दोन्ही सेल एकाच पंपाच्या पाण्यावर, एकाच पाइपात, एकाच एमसीबीवर आहेत. लाईट गेली की दोन्ही एकदमच जातात. पाणी वाहत नसताना सेल चालू राहिला तर आत हायड्रोजन साचेल, म्हणून फ्लो स्विच दोघांनाही एकाच क्षणी बंद करतो. हा बॅकअप पहिल्याला संकटात एकटे सोडत नाही.

दुसरे उत्तर आयुष्याचे. सेलच्या पट्ट्यांवरचा थर झिजतो. साधारण दहा हजार तासांची बात असते. दोन सेलनी काम वाटून घेतले की प्रत्येकाचे तास निम्मे, म्हणून आयुष्य दुप्पट. गणित बिनचूक आहे. वॉरंटी मात्र तासांवर मोजत नाहीत, खरेदीच्या तारखेपासून मोजतात. त्यामुळे एरवी एक सेल वॉरंटीच्या काठावर गेला असता, ते आता दोन्ही वॉरंटीच्या पुष्कळ पलीकडे, बरोबरीने जातील. दोघांची किंमत एकाच वेळी भरण्याची सोय हा वेगळा फायदा.

तिसरे उत्तर तो देत नाही, पण खरे तेच आहे: शेजारच्या फार्महाऊसवर एक आहे.

इथवर मूर्खपणा साधा, घरगुती आहे. समर्थांनी दासबोधाच्या दुसऱ्या दशकात आधी मूर्खाची लक्षणे सांगितली आणि त्याच दशकाच्या शेवटी पढतमूर्खाची वेगळी सांगितली. समर्थांचे जांब आपल्या शेजारच्या जालना जिल्ह्यातले. वाळूजची एमआयडीसी तेव्हा नसल्याने दुसरा सेल ऑटोमेशनला जोडण्याचे लक्षण त्यांच्या यादीत आले नाही, इतकेच. कारण नुसता दुसरा सेल विकत घेणे पहिल्या समासात बसते. तो ऑटोमेशनला जोडायला निघणे, हे दहाव्या समासाचे काम आहे.

ऑटोमेशन म्हणजे भिंतीवरचे एक पॅनेल. ते पंप सुरू करते, दिवे लावते, सेलला किती टक्क्यांवर चालायचे ते सांगते आणि सगळी हकीकत फोनवर पाठवते. पॅनेल सेलशी बोलते ते आरएस-४८५ नावाच्या लाईनवरून. हे मानक १९८३ सालचे, आणि वाळूजच्या निम्म्या शेडमध्ये ही लाईन फिरलेली आहे, कारण एनर्जी मीटर, व्हीएफडी, टेंपरेचर कंट्रोलर सगळे तिच्यावरच बोलतात, बहुधा मॉडबसच्या भाषेत, जी त्याहून जुनी, १९७९ ची. दोन तारा, ए आणि बी. लाईनवर एक मालक, बाकी सगळे हुकमाचे ताबेदार. मालक नंबर पुकारतो, ज्याचा नंबर त्याने उत्तर द्यायचे, इतरांनी गप्प बसायचे. या शिस्तीवर अर्धी एमआयडीसी चालते.

घोटाळा एवढाच, की नामवंत कंपन्यांचे सेल कारखान्यातूनच एक ठरलेला नंबर घेऊन येतात. तलावाला एकच सेल लागतो, असा त्यांचा भाबडा समज. दुसरा सेल त्याच लाईनवर टाकला की मालक नंबर पुकारतो आणि दोघे एकदम बोलतात. हजेरीच्या वेळी वर्गातल्या दोन गणेशांनी एकदम हजर म्हणावे, तसे. गुरुजींना निदान दोन आवाज आले हे कळते. पॅनेलला ऐकू येते ती नुसती खरखर, आणि ते दोन्ही गणेशांची गैरहजेरी लावते.

आपल्या नायकाने तलावाच्या कंपनीचा माणूस बोलावला नाही. शेडमध्ये इन्स्ट्रुमेंटचे काम करणारा पोरगा आहे. शाळेतून थेट आयटीआय, आयटीआयमधून थेट वाळूज. त्याने पॅनेल उघडले, तारा पाहिल्या, ए-बी उलट झाली नाही याची खात्री केली आणि मोबाइल खिशात ठेवला.

“साहेब, दोघाचा आयडी एकच आहे. संगंच बोलायलेत.”

“मग एकाचा बदल.”

“बदलता येत नाही. आपल्या मीटरचा बदलता येतो, याचा कंपनीनंच पक्का केलाय.”

“अरे, मीटर दोन हजाराचा. हा केवढ्याचा आहे माहीत आहे का तुला?”

“म्हणूनच, साहेब.”

पोरग्याने मग एक साधा मार्ग सांगितला. दुसऱ्या सेलला त्याचा स्वतःचा पॉवर पॅक द्यायचा, टक्केवारी त्याच्याच डब्यावर हाताने लावायची, आणि सप्लाय पंपाच्या कॉन्टॅक्टरवरून घ्यायचा. पंप चालू तर सेल चालू, पंप बंद तर सेल बंद. पॅनेलला दुसऱ्या सेलचा पत्ताही लागणार नाही आणि क्लोरीन मात्र तयार होत राहील. हा मार्ग स्वस्त होता, चालणारा होता आणि त्यात बिघडण्यासारखे काही नव्हते. साहेबांनी तो एका वाक्यात फेटाळला: फोनवर दिसणार नसेल तर घेतला कशाला? या वाक्यापुढे युक्तिवाद नाही. मलिक अंबरने सतराव्या शतकात डोंगराकडचे पाणी जमिनीखालच्या नहरीने शहरात आणले, पंपाशिवाय, पॅनेलशिवाय. पण ते त्याला फोनवर दिसत नव्हते. त्याने आणले कशाला, हा प्रश्न इतिहासकारांनी अजून नीट हाताळलेला नाही.

दुसरा मार्ग थोडा कल्पक होता. पॅनेलला सांगायचे, की आपल्याकडे तलावाशिवाय एक स्पाही आहे, म्हणजे दुसऱ्या पाण्याची नोंद करायला त्यात जागा होईल. जागा झाली. फोनवर स्पा दिसू लागला. मग ॲप रोज विचारू लागले, की स्पाचे पाणी गरम करायचे का. नंबरांचा घोळ आहे तसाच राहिला. एका पाहुण्याने फोन पाहून स्पा कुठे आहे असे विचारले, तेव्हा साहेबांनी मोसंबीच्या दिशेने हात केला. हा मार्गही सोडावा लागला. सोडायला नको होता असे माझे मत आहे, कारण नसलेल्या पाण्याची इतकी चोख व्यवस्था सरकारी कागदांबाहेर सहसा पाहायला मिळत नाही.

मग उरला तिसरा मार्ग, आणि इथे मी टोपी काढतो. दुसरा कंट्रोलर. पहिल्या पॅनेलशेजारी तसेच दुसरे पॅनेल, त्याची लाईन वेगळी, तिच्यावर दुसरा सेल एकटा. दोन्ही सेलचा नंबर एकच असला तरी आता ते दोन वेगळ्या घरांत राहतात. प्रत्येक पॅनेलची पक्की समजूत, की या तलावात सेल एकच आहे आणि तो आपला. फोनवर दोन तलाव दिसतात. दोन्हींची नावे द्यायची म्हटल्यावर साहेबांनी एकाला ‘पूल’ आणि दुसऱ्याला ‘पूल मेन’ असे ठेवले.

आता पंप एक आणि पॅनेले दोन. पहिल्या पॅनेलने पंप बंद केला की दुसऱ्याचा सेल फ्लो नाही म्हणून थांबे आणि बोंब ठोके. त्यावर पोरग्याने दोन्ही पॅनेलचे रिले समांतर जोडले. कोणाचाही एकाचा रिले लागला की पंप सुरू. ही जोडणी बिनचूक आहे, कुठलाही वायरमन हेच करील. तिचा अर्थ असा, की पंप सुरू व्हायला एकाची इच्छा पुरते, पण बंद व्हायला दोघांचे एकमत लागते. ज्यांनी कुठलीही हाऊसिंग सोसायटी जवळून पाहिली आहे त्यांना पुढचे सांगायला नको. पंप बंद होत नाही. महावितरणचे बिल पाहून साहेब म्हणाले, तलाव चांगला चाललाय.

एकमत का होत नाही, तेही सांगतो. पाण्यात क्लोरीनचा जोर किती, हे पॅनेल एका प्रोबने जोखते. तो मिलिव्होल्टमध्ये आकडा देतो; सातशेच्या आसपास आला की क्लोरीन पुरेसा, सेल थांबवा. दोन पॅनेले म्हणून दोन प्रोब. एकाच पाइपात, एकमेकांपासून वीतभर अंतरावर. प्रोबवर मळ चढला की आकडा ढळतो, आणि आपल्याकडचे पाणी बेसाल्टमधून आलेले, जड. चढायला फार दिवस लागत नाहीत. तेव्हा एक प्रोब ७१५ म्हणतो, दुसरा ६४०. एकाच पाण्याबद्दल पहिले पॅनेल साहेबांना कळवते, की सर्व कुशल आहे. दुसरे त्याच मिनिटाला कळवते, की क्लोरीन कमी आहे, मी कामाला लागलो आहे. साहेब दोन्ही संदेश पाहुण्यांना दाखवतात. दोन स्वतंत्र मते मिळतात, याचा त्यांना अभिमान आहे.

पहिला सेल थांबतो, दुसरा पूर्ण दाबाने चालतो. म्हणजे दोन सेल, दोन पॅनेले, दोन प्रोब, दोन ॲपच्या नोंदी एवढे जमवल्यावर तलावात प्रत्यक्ष काम करतो तो एकच सेल, जेवढा आधीही पुरत होता. फरक इतका, की आता त्याला थांबवणारे कोणी नाही. पोहायला कोणी उतरत नाही, क्लोरीन खायला ऊन एवढेच गिऱ्हाईक, तेही पावसाळ्यात रजेवर. क्लोरीन पाचावर जातो, आठावर जातो. सेलमध्ये निघणारा हायड्रोजन बुडबुडत वर येतो, त्याच्याबरोबर पाण्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि पीएच चढतो. मग हायड्रोक्लोरिक आम्ल टाकून तो खाली आणायचा. आम्लाची वाळूजला वाण नाही, प्लेटिंगवाले शेजारीच आहेत. चढलेल्या पीएचमुळे पट्ट्यांवर चुन्याचे पापुद्रे धरतात. त्यावर कंपन्यांनी उपाय केलेला असतो, सेल मधूनमधून आपली विजेची दिशा उलटी करून पापुद्रे झटकतो. तेवढ्याने भागले नाही तर सेल काढून तोही आम्लात बुडवायचा. या धुण्यासाठी मात्र दोन सेल असल्याचा खरा उपयोग होतो: धुवायला दोन मिळतात.

मागच्या दिवाळीत भाचरे आली आणि तलावात उतरायला निघाली. क्लोरीन मोजला तर दहा. डोळे चुरचुरतील, अंगाला खाज सुटेल, म्हणून त्यांना काठावर बसवले आणि पाय सोडायची परवानगीही दिली नाही. दोन्ही सेल दोन दिवस बंद ठेवले, उन्हाला संधी दिली, की काम झाले असते. पण बंद ठेवणे हे ऑटोमेशन नव्हे. साहेबांनी चौकशी केली आणि त्यांना कळले, की सोडियम थायोसल्फेट नावाची एक चीज आहे, ती पाण्यात टाकली की क्लोरीन मरतो. तोही तिथल्या तिथे.

हा शोध मी या लेखातला सर्वोच्च बिंदू मानतो. विजेने क्लोरीन करायचा, दोन यंत्रांनी करायचा, आणि तो जास्त झाला की तिसऱ्या यंत्राने मारायचा. मारला की प्रोबचा आकडा पडतो, आकडा पडला की दोन्ही सेल पुन्हा कामाला लागतात. अखेर दोन्ही सेल एकाच वेळी चालू झाले, पूर्ण टक्क्यांवर, दिवसरात्र. सुरुवातीचा तो मोकळे बसण्याचा सल कायमचा मिटला. वाळूजमध्ये शंभर टक्के क्षमतेने चालणारी इतकी यंत्रे आज कुठल्या शेडमध्ये आहेत, हे मंदीच्या महिन्यात ज्याने फेरी मारली त्याला विचारावे.

थायोसल्फेट हाताने टाकणे अर्थातच अशक्य. त्याला डोसिंग पंप आणला. पोरग्याने खोके फोडले, बाजूचे लेबल वाचले.

“साहेब, हा मॉडबसवर आहे. कंपनीतून एक नंबर टाकून आलाय, पण बदलता येतो. पहिल्याच पॅनेलवर घेतो, पाच मिनिटांचं काम आहे.”

“बदलू नको,” साहेब म्हणाले. “त्याला वेगळा कंट्रोलर आण.”